गावच्या जुन्या ध्वनिवर्धकाची दुरुस्ती

बीदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण व हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या तालुक्यांत मराठी व कन्नड या दोन्ही भाषा शेजारधर्माने नांदत आल्या आहेत. येथील ग्रामजीवनात हरिनाम सप्ताह, जत्रा, उरूस, शाळेचे राष्ट्रीय सण आणि ग्रामसभा यांना जे स्थान आहे, तेच स्थान त्या प्रसंगी वाजणाऱ्या कर्ण्याला आहे. पूर्वी दवंडीने जे काम होत असे, ते पुढे ध्वनिवर्धकाने आपल्याकडे घेतले. साथीच्या रोगाची सूचना असो, लसीकरणाची तारीख असो वा पुराचा इशारा असो, गावाच्या कानापर्यंत शब्द पोहोचविणारे हे साधन आहे.

अनेक शाळा, देवस्थाने व भजनी मंडळे यांच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घेतलेले ध्वनिवर्धक संच आजही आहेत. त्यांतील काही चालू आहेत; बरेचसे कपाटावर धूळ खात पडले आहेत. “याचे भाग आता मिळत नाहीत” हे वाक्य एकदा उच्चारले गेले, की संच भंगारात जातो. हे वाक्य अर्धेच खरे आहे. काही भाग खरोखरच निघणे बंद झाले आहे. परंतु बंद पडलेल्या संचातील दोष बहुधा त्या दुर्मिळ भागांत नसून आजही सहज मिळणाऱ्या साध्या भागांत असतो. दुरुस्ती कशी करावी, कोणता भाग बदलावा आणि कोठे थांबावे, याची माहिती शिक्षक, ग्रामपंचायतीचे पदाधिकारी व होतकरू कारागीर यांना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

हा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले आणि गुलबर्गा हे २०१४ साली अधिकृतपणे कलबुर्गी झाले. याच वर्षांत सामूहिक श्रवणाची कल्पना देशात रुजत होती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील १५० गावांत शेतकरी श्रोता मंडळांचा प्रयोग युनेस्कोच्या साहाय्याने केला. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करीत.

पुढे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा जो प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावे होती आणि कर्नाटकातील गुलबर्गा, रायचूर व विजापूर हे जिल्हे त्यात समाविष्ट होते. गावातील सार्वजनिक जागेत एक संच आणि त्याच्याजवळ जाळीची मोठी अँटेना, अशी ती व्यवस्था होती. आंध्र व कर्नाटक यांच्यासाठी चित्र एकच असे. ध्वनी मात्र तेलुगू व कन्नड अशा दोन वाहिन्यांवरून येई. त्या योजनेत संच बसविण्याइतकेच महत्त्व त्याच्या देखभालीला देण्यात आले होते. सामूहिक साधनाचे आयुष्य त्याच्या किमतीवर नव्हे, तर दुरुस्तीच्या सोयीवर अवलंबून असते, हा त्यातील धडा ध्वनिवर्धकालाही तंतोतंत लागू पडतो.

सुटे भाग देशातच निर्माण व्हावेत, हाही त्या काळाचा आग्रह होता. १९५४ साली बंगळूर येथे स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीने १९६१ साली रेडिओच्या व्हॉल्व्हचे आणि १९६२ साली जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे उत्पादन सुरू केले. जुन्या संचांत आजही या कंपनीचे व्हॉल्व्ह आढळतात. पुढे तंत्र बदलले व हे उत्पादन थांबले. भाग दुर्मिळ झाले ते असे.

संचाच्या तीन पिढ्या

दुरुस्तीपूर्वी आपला संच कोणत्या पिढीचा आहे, हे ओळखावे. पहिली पिढी व्हॉल्व्हची. काचेच्या नळ्या, तापल्यावर दिसणारा तांबूस प्रकाश आणि दोन किंवा अधिक जड ट्रान्स्फॉर्मर ही तिची खूण. दुसरी पिढी ट्रान्झिस्टरची. मागील बाजूस ॲल्युमिनियमच्या पंखांवर बसविलेले धातूचे चपटे ट्रान्झिस्टर दिसतात. असे अनेक संच विजेवर व १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. तिसरी पिढी संकलित मॉड्यूलची. एकाच काळ्या ठोकळ्यात संपूर्ण शक्तिवर्धक सामावलेला असतो.

तिन्ही पिढ्यांत कामाचा क्रम सारखाच आहे. मायक्रोफोनपासून येणारा विद्युत्संकेत काही सहस्रांश व्होल्टचा असतो. पहिला टप्पा त्याचे व्होल्टेज वाढवितो, दुसरा टप्पा स्वराची व आवाजाची मात्रा ठरवितो आणि अखेरचा शक्तिटप्पा कर्ण्याला पुरेशी शक्ती देतो. या सर्वांना वीज पुरविणारा वीजपुरवठ्याचा भाग वेगळा असतो. दोष शोधताना नेहमी या वीजपुरवठ्यापासून आरंभ करावा.

प्रथम सुरक्षितता

व्हॉल्व्ह-संचात ३०० ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि तो प्राणघातक आहे. वायर काढल्यानंतरही गाळणीच्या कंडेन्सरमध्ये हा दाब काही काळ टिकून राहतो. म्हणून संच उघडल्यावर प्रथम १० किलोओहम, १० वॅटचा रोधक चांगल्या आवरणाच्या तारांना जोडून तो कंडेन्सरच्या दोन टोकांवर अर्धा मिनिट धरावा आणि दाब शून्यावर आल्याची मीटरने खात्री करावी. पेचकसाने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची पद्धत घातक आहे. तिने भागही खराब होतो. चालू संचावर मोजमाप करताना एक हात पाठीशी ठेवावा आणि पायाखाली कोरडी लाकडी फळी घ्यावी. शिकाऊ मुलांना एकट्याने असे काम करू देऊ नये.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तिचा संबंध गाणाऱ्याच्या जिवाशी आहे. जुन्या संचांना दोन पिनांची वायर असते. आतील आवरण जीर्ण होऊन विजेचा स्पर्श पत्र्याच्या पेटीला झाला, तर तो मायक्रोफोनच्या धातूपर्यंत पोहोचतो. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या कीर्तनकाराच्या हातात तो मायक्रोफोन असतो. यास्तव दुरुस्तीतील पहिले काम म्हणजे तीन तारांची नवी वायर, पत्र्याला घट्ट जोडलेली भूमिजोडणी आणि योग्य मापाचा फ्यूज. विजेची तार व पत्रा यांच्यामध्ये जुना कंडेन्सर असेल, तर तो काढून टाकावा किंवा त्या जागी याच कामासाठी बनविलेला ‘वाय’ वर्गाचा कंडेन्सर बसवावा. काही जुन्या रेडिओंत मुख्य ट्रान्स्फॉर्मर नसतो व त्यांचा पत्रा थेट विजेच्या तारेला जोडलेला असतो. अशा रेडिओला बाहेरचा मायक्रोफोन कधीही जोडू नये.

तपासणीचा क्रम

अनेक वर्षे बंद असलेला संच थेट विजेस जोडणे, ही त्याचा उरलासुरला जीव घेण्याची रीत होय. प्रथम डोळ्यांनी पाहावे. उंदरांनी कुरतडलेल्या तारा, जळून काळा पडलेला रोधक, फुगलेला किंवा पाझरलेला कंडेन्सर आणि तडकलेले डाखाचे सांधे हे प्रकाशात सहज दिसतात. धूळ मऊ कुंचल्याने काढावी. व्हॉल्व्हच्या बैठका, स्विच व आवाजाचा कंट्रोल साफ करावा. खरखरीचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

यानंतर सिरीज बोर्डचा उपयोग करावा. विजेच्या मार्गात १०० वॅटचा तारेचा साधा बल्ब एकसरीत जोडलेला असतो. संच ठीक असेल, तर बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. तो प्रखर पेटत राहिला, तर आत शॉर्ट आहे असे समजावे व संच तत्काळ बंद करावा. या कामी एलईडी दिवा चालत नाही. डिमरस्टॅट उपलब्ध असल्यास दाब हळूहळू वाढवीत न्यावा, म्हणजे दीर्घकाळ पडून राहिलेले कंडेन्सर सावकाश सावरतात. ज्या संचात व्हॉल्व्हचा रेक्टिफायर आहे, त्यात मात्र आरंभी तो व्हॉल्व्ह काढून ट्रान्स्फॉर्मरची स्वतंत्र तपासणी करावी.

याच वेळी ट्रान्स्फॉर्मरवरील दाबाचा टॅप पाहावा. जुन्या संचांवर २००, २२० व २४० व्होल्टचे टॅप असतात. टॅप २२० वर आणि गावातील दाब २४० असेल, तर ६.३ व्होल्टच्या तंतूला जवळजवळ ६.९ व्होल्ट मिळतात व व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. एक तार योग्य टॅपवर नेल्याने दुर्मिळ व्हॉल्व्ह वर्षानुवर्षे टिकतो. ही दुरुस्ती बिनखर्चाची आहे.

कंडेन्सर : खरा दोषी

जुन्या संचात सर्वांत आधी थकतो तो कंडेन्सर. संचातून सतत घुमणारा आवाज येत असेल, तर त्याचा सूर ओळखावा. आपल्याकडील विजेची कंपने सेकंदाला ५० असतात. पूर्ण रेक्टिफिकेशननंतर ती १०० होतात. घुमणे १०० कंपनांचे असेल, तर गाळणीचे कंडेन्सर वाळले आहेत असे धरावे. ते ५० कंपनांचे, अधिक खर्जातले असेल, तर तंतूची जोडणी, भूमिजोडणी किंवा मायक्रोफोनच्या तारेचे वेष्टन तपासावे.

जुन्या संचात एकाच डब्यात दोन-तीन कंडेन्सर असलेला भाग असतो. तसा डबा आता दुर्मिळ आहे. पण त्याची गरज नाही. ४५० व्होल्टचे स्वतंत्र कंडेन्सर आजही मिळतात. ते पत्र्याच्या खाली पट्टीवर नीट बसवावेत, जुना डबा शोभेसाठी जागेवर ठेवावा. त्याच्या तारा मात्र पूर्ण सोडवाव्यात. व्होल्टची मर्यादा मूळ भागाइतकी किंवा अधिक असावी. मायक्रोफॅरड मात्र मनास येईल तसे वाढवू नयेत. जीझेड ३४ या रेक्टिफायर-व्हॉल्व्हला पहिला कंडेन्सर ६० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा चालत नाही. तसा बसविल्यास व्हॉल्व्हच जळतो.

दुसरा दोषी म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्या टप्प्याकडे संकेत नेणारा कागदी कंडेन्सर. त्याने एकदिश दाब पूर्णपणे अडवावयाचा असतो. वयोमानाने त्यातून गळती होते. मागील टप्प्यावर २०० व्होल्ट आहेत, कंडेन्सरची गळती १० मेगओहम इतकी आहे आणि पुढील व्हॉल्व्हच्या ग्रिडला ४७० किलोओहमचा रोधक आहे, असे समजू. त्या ग्रिडवर सुमारे ९ व्होल्ट धन दाब येतो. ज्या ग्रिडने व्हॉल्व्हला आवरावयाचे, तीच त्याला मोकाट सोडते; व्हॉल्व्हची पट्टी लाल होते आणि तो निकामी होतो. महागडा व्हॉल्व्ह जळाला म्हणून नवा आणावा आणि तोही आठवड्यात जळावा, यामागे पुष्कळदा हा अल्पमोली कंडेन्सर असतो. म्हणून नवा व्हॉल्व्ह लावण्यापूर्वी असे सर्व कागदी कंडेन्सर काढून ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर बसवावेत.

व्हॉल्व्ह बदलताना

ईएल ३४, ईएल ८४, ६एल६ व ईसीसी ८३ हे व्हॉल्व्ह भारतात बनत नसले, तरी स्लोव्हाकिया, रशिया व चीन येथील कारखान्यांत आजही बनतात. संगीतकारांच्या मागणीमुळे हे उत्पादन टिकून आहे. म्हणून हे भाग महाग असले, तरी नामशेष झालेले नाहीत.

अडचण येते ती ८०७ सारख्या व्हॉल्व्हची. याचे तळाचे पाय पाच असतात आणि ॲनोडची जोडणी डोक्यावरच्या टोपीला असते. त्याचे गुणधर्म ६एल६ जातीशी जुळतात, तंतूही ६.३ व्होल्ट व ०.९ अँपिअरचाच आहे. म्हणून बैठक बदलून ६एल६जीसी लावता येतो. परंतु ८०७ ला ॲनोडवर ६०० व्होल्ट चालतात, तर ६एल६जीसीची मर्यादा ५०० व्होल्टची आहे. संचातील दाब मोजल्याशिवाय हा बदल करू नये.

६एल६ च्या जागी ईएल ३४ लावण्याचा मोह अनेकांना होतो, कारण दोहोंची बैठक सारखीच दिसते. येथे दोन गोष्टी तपासाव्यात. ईएल ३४ च्या तंतूस १.५ अँपिअर लागतात. म्हणजे दोन व्हॉल्व्हमागे ट्रान्स्फॉर्मरवर १.२ अँपिअरचा जादा भार पडतो. शिवाय ईएल ३४ चा पहिला पाय आठव्या पायाला जोडावा लागतो. भाग बैठकीत बसला, एवढ्यावरून तो त्या जागी चालेल असे होत नाही.

शक्तिटप्प्यातील दोन्ही व्हॉल्व्ह जोडीने बदलावेत. प्रत्येकाच्या कॅथोडमध्ये १० ओहमचा रोधक घातला, तर त्यावरील दाबावरून प्रवाह कळतो : ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपिअर. दोन्ही आकडे जवळपास सारखे असावेत. जळालेल्या रेक्टिफायर-व्हॉल्व्हच्या जागी सिलिकॉन डायोड लावता येतात. मात्र त्यामुळे दाब वाढतो आणि इतर व्हॉल्व्ह तापण्यापूर्वीच तो येतो. त्यामुळे योग्य रोधक घालून तो मूळ पातळीवर आणणे आवश्यक आहे.

ट्रान्झिस्टर व मॉड्यूल

ट्रान्झिस्टरला पर्याय शोधताना पाच प्रश्न विचारावेत : जात पीएनपी की एनपीएन? द्रव्य जर्मेनियम की सिलिकॉन? कमाल व्होल्ट किती? कमाल प्रवाह व शक्ती किती? आणि वेग किती? यांपैकी दुसरा प्रश्न बहुधा विसरला जातो. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेस व एमिटर यांच्यात ०.२ ते ०.३ व्होल्टवर काम करू लागतो, सिलिकॉनला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात. म्हणून एसी १२८ किंवा एडी १६१–एडी १६२ यांच्या जागी सिलिकॉन बसविताना बायसचे रोधकही बदलावे लागतात. अन्यथा हळू आवाजात स्वर फाटलेला येतो.

२एन३०५५ हा ६० व्होल्ट, १५ अँपिअर व ११५ वॅट मर्यादेचा ट्रान्झिस्टर आजही मिळतो. परंतु आजचा २एन३०५५ जुन्यापेक्षा अधिक वेगवान आहे. त्यामुळे क्वचित जुन्या संचात तो ऐकू न येणारी कंपने निर्माण करून विनाकारण तापतो. बाजारात नकली मालही पुष्कळ आहे. बसविताना अभ्रकाची चकती व उष्णतावाहक लेप घालावा आणि ट्रान्झिस्टरचे अंग व पंखा यांच्यात जोड नसल्याची वीज देण्यापूर्वी मीटरने खात्री करावी.

मॉड्यूलच्या पिढीची स्थिती अधिक बिकट आहे. सान्यो कंपनीचे एसटीके मालिकेतील ठोकळे टेपडेक व ध्वनिवर्धक यांत सर्रास वापरले जात. या कंपनीचा अर्धवाहक व्यवसाय २०११ साली ऑन सेमिकंडक्टरकडे गेला. जुन्या क्रमांकांचे अस्सल ठोकळे आता क्वचितच मिळतात. त्या नावाने विकले जाणारे बहुतेक संशयास्पद असतात. अशा वेळी मूळ ठोकळा शोधीत बसण्याऐवजी संचाची पेटी, ट्रान्स्फॉर्मर व पंखा कायम ठेवून एलएम ३८८६ सारख्या प्रचलित भागावर आधारलेला नवा शक्तिटप्पा बसविणे हिताचे. त्यापूर्वी संचातील धन व ऋण पुरवठ्यांची बेरीज मोजावी. या भागास संकेत चालू असताना ती ८४ व्होल्टच्या आत असावी लागते. ही दुरुस्ती मूळ स्वरूपाची नसली, तरी गावाच्या उपयोगाची आहे.

ट्रान्स्फॉर्मर आणि कर्णा

जुन्या संचातील खऱ्या अर्थाने अप्राप्य भाग म्हणजे व्हॉल्व्हचा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर. तो जळण्याचे मुख्य कारण म्हणजे कर्णा न जोडता संच चालविणे. भाराशिवाय चालणाऱ्या व्हॉल्व्ह-संचात आउटपुट ट्रान्स्फॉर्मरवर प्रचंड दाब निर्माण होऊन आतील आवरण फुटते. ट्रान्झिस्टर-संचाचे याच्या उलट आहे. त्याला रिकामे चालणे सोसते, पण कर्ण्याच्या तारा एकमेकींना चिकटल्या, की त्याचा शक्तिटप्पा जातो. हा भेद संच हाताळणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावा.

कर्णे लांब अंतरावर असल्यास १०० व्होल्टची लाइन वापरतात. ६० वॅटच्या संचाला अशा लाइनवर सर्व कर्णे मिळून सुमारे १६७ ओहमचा भार चालतो आणि कर्ण्यांच्या टॅपांवरील वॅटची बेरीज ६० पेक्षा अधिक होऊ नये. जत्रेत चार कर्णे वाढविले आणि संच बसला, ही तक्रार या हिशेबाने टळते.

जळालेला ट्रान्स्फॉर्मर पुन्हा गुंडाळता येतो. सिंचनाचे पंप असलेल्या आपल्या भागात मोटार रिवाइंडिंगची दुकाने तालुक्याच्या गावी आहेतच. तेथील कारागीर मुख्य ट्रान्स्फॉर्मर उत्तम गुंडाळतात. आउटपुट ट्रान्स्फॉर्मरमध्ये मात्र पहिली व दुसरी गुंडाळी आलटून-पालटून थरांत असते. जुनी गुंडाळी सोडताना प्रत्येक थराचे वेढे मोजून, तारेची जाडी व थरांचा क्रम वहीत लिहून घ्यावा आणि नवी गुंडाळी त्याच क्रमाने करावी. थरांचा हा क्रम चुकला, तर संच वाजतो. पण वरच्या पट्टीतील स्पष्टता जाते आणि शब्द कळत नाहीत.

कोणी काय करावे

सुटे भाग मिळण्याची मोठी ठिकाणे म्हणजे हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्ली, बंगळूरचा एस. पी. रस्ता आणि मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता. एकाच गावासाठी इतका प्रवास परवडत नाही. म्हणून पाच-सात गावांच्या संचांची यादी करून भाग एकत्र मागवावेत. भंगारात निघालेल्या संचांतील व्हॉल्व्ह, बैठका, ट्रान्स्फॉर्मर व बटणे काढून ठेवावीत; एका मृत संचावर दुसरे दोन उभे राहतात. जे खरोखर निरुपयोगी ठरेल, ते उघड्यावर जाळू नये. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावे.

शाळांतील विज्ञान शिक्षकांनी आपल्या संचाचा विद्युत्आराखडा काढून घ्यावा. ठिकठिकाणचे व्होल्ट मोजून ते आराखड्यावर लिहावेत आणि त्याची प्रत पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवावी. पुढील कारागिराचे निम्मे काम तेथेच होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना असे संच सरावासाठी मिळाले, तर व्हॉल्व्हच्या काळातील मेकॅनिकांचे ज्ञान त्यांच्या निवृत्तीबरोबर नाहीसे होणार नाही. या भागातील ज्येष्ठ मेकॅनिकांपैकी पुष्कळांनी हे काम पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या हाताखाली शिकून घेतले आहे. त्यांच्याजवळ बसून ते लिहून घेणे, हेही दुरुस्तीचेच एक अंग आहे.

दुरुस्त झालेला संच वापरताना नियमांचे भान ठेवावे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकासाठी परवानगी आवश्यक आहे व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर त्याचा वापर वर्ज्य आहे. निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. नीट दुरुस्त केलेल्या संचाचा आवाज स्पष्ट असतो, म्हणून तो मोठा ठेवावा लागत नाही.

गावाने वर्गणी काढून घेतलेली वस्तू ही गावाची ठेव असते. ती टिकविण्यासाठी फार पैसा लागत नाही. लागते ती क्रमाने काम करण्याची सवय, मोजल्याशिवाय भाग न बदलण्याची शिस्त आणि केलेल्या कामाची नोंद. ग्रामपंचायती, शाळा व भजनी मंडळे यांनी आपल्या कपाटावरील संच येत्या उत्सवापूर्वी एकदा खाली उतरवावेत, जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि किमान त्याची वायर व भूमिजोडणी तरी आधी बदलून घ्यावी.